पाच ढ सात

"प्रश्न 2. चौकटीत ढ, झ, त्र यांपैकी योग्य चिन्ह लिहा."

हे वाक्य मी स्वतः टाइप केलं, त्याच्या 35 प्रती काढल्या, पुडक्याला सुतळी बांधली आणि तिसरीच्या घटक चाचणीसाठी मास्तरांच्या हवाली केलं. साल 2005, गणपती नुकतेच उठले होते. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि उरलेल्या फळीवर वह्या-पेनं. दुकान मावसभावाचं, हात माझे. बारावीला गणितात गचकलो होतो, त्यामुळे हात मोकळेच होते.

तेव्हा लोडशेडिंगचा जोर होता. लाइट जायच्या आत टायपिंग, प्रिंट आणि झेरॉक्स तिन्ही उरकायचं, म्हणून तपासायचं काम कायम मागे राहायचं. मास्तर सहा किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेतून लुनावर यायचे. फुलस्केप कागदावर निळ्या शाईत पेपर लिहून आणायचे, अक्षर असं की टाइप करण्याची गरजच नव्हती. पण वरून फर्मान होतं की पेपर छापील पाहिजे.

चार दिवसांनी मास्तर परत आले. लुना स्टँडवर लावली, पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि स्टुलावर बसले.

"काय करून ठेवलं बे हे?"

मी पेपर पाहिला. कान तापले. मास्तरांनी लिहून आणलं होतं "<, >, =" आणि माझ्या हातून छापलं गेलं होतं "ढ, झ, त्र". खाली पाच आणि सात, मध्ये चौकट. नऊ आणि चार, मध्ये चौकट. चौकटी मात्र सुरेख आल्या होत्या.

"मास्तर, फॉन्ट बदलायचा राहिला. मी पुन्हा काढून देतो. पैसे नका देऊ."

"पैसे गेले खड्ड्यात. हे पाह्य." त्यांनी एक उत्तरपत्रिका काढून काउंटरवर सरळ केली. पेन्सिलीने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 5 ढ 7. खाली 9 झ 4. त्याखाली 6 त्र 6.

"अकरा पोट्ट्यायनं असं सोडवलं. सगळं बरोबर."

झालं होतं असं की शाळा दोन शिक्षकी. पेपर वाटून मास्तर चौथीच्या फळ्याकडे वळले होते. तिसरीच्या पोरांनी प्रश्न वाचला, आणि कोणा एकीच्या डोक्यात आलं की मास्तर फळ्यावर नेहमी आधी लहानचं चिन्ह काढतात, मग मोठ्याचं, मग बरोबरचं. मग या ओळीतलं पहिलं ते लहानचं. तिचं पाहून बाकी दहा जणांनी लिहिलं असणार, हे मास्तरांनाही कळत होतं. एकाने सगळ्याच चौकटींत ढ भरला होता. उरलेल्यांनी कोऱ्या सोडल्या होत्या.

"मग गुण दिले?"

"काऊन नाही देऊ? चिन्हाचं काय हाय, आपन ठरवू थे." आणि मग स्वतःशीच हसत म्हणाले, "अन् लहानाच्या म्होरं ढ. पेपर तर माह्यापेक्षा खरं बोलून राह्यला."

मला ते हसू थोडं लागलं. वर्गात ढ म्हणून माझी ओळख पाचवीपासूनची. ढ म्हणजे मठ्ठ हे कुठून आलं, याची एक गोष्ट मराठीत सांगतात: अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीपासून बाकीची सगळी अक्षरं बदलत गेली, हे एकच जवळजवळ होतं तसं राहिलं, काही शिकलं नाही, म्हणून ढ. खरं-खोटं सोडा, पण ब्राह्मीचा तक्ता काढून पाहा. डोक्यावरची रेघ उडवली की तिथला ढ आजही ओळखू येतो.

ही चूक होते कशी, ते ज्याने कृतिदेव या देवनागरी फॉन्टात टाइप केलंय त्याला सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. जुन्या संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर. एसटीतल्या सीटसारखा. 60 नंबरवर <, 61 वर =, 62 वर >. तिघं शेजारी शेजारी बसलेले. ही व्यवस्था इंग्रजीसाठी झालेली. पुढे कोणीतरी त्याच गाडीत देवनागरी बसवायला घेतली. आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, सगळं कुटुंबकबिल्यासह आलेलं, आणि सीटा तेवढ्याच. मग ज्यांचं मराठीत काम नाही असं वाटलं त्यांना उठवलं. 60 वर ढ बसला, 61 वर त्र, 62 वर झ. कंसांच्या सीटही गेल्या. कंस हवा तर ऑल्ट दाबून 0188 आणि बंद करायला 0189, हे दोन आकडे आमच्या पिढीच्या टायपिस्टला स्वतःच्या मोबाइल नंबरआधी पाठ झाले. संगणकाच्या लेखी तिथे अजूनही < च असतं. फक्त कृतिदेवाचा चष्मा लावला की ते ढ दिसतं. म्हणून गणिताच्या पेपरात दर चिन्हाशी थांबायचं, ते निवडायचं, फॉन्ट बदलायचा, पुढे जायचं, पुन्हा फॉन्ट बदलायचा. एका पानावर चाळीस वेळा. एक सुटलं की संपलं. बीजगणित तर विचारूच नका. कृतिदेवात एक्सच्या कळीवर ग आणि वायच्या कळीवर ल, त्यामुळे "एक्स < वाय" टाइप केलं की पडद्यावर येतं "ग ढ ल".

आमच्यासारख्या खेड्यातल्या फॉन्टांचंच हे नशीब, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पुढे कळलं की गणित सुंदर छापण्यासाठीच जन्माला आलेल्या टेक (TeX) या संगणकावरच्या अक्षरजुळणीतही हाच घोळ आहे. डोनाल्ड नूथ या गणिती-संगणकतज्ज्ञाला 1977 साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती छपाई त्याला इतकी गचाळ वाटली की ग्रंथ बाजूला ठेवून तो अक्षरजुळणीची व्यवस्थाच लिहायला बसला. त्याने मजकुरासाठी केलेल्या मूळ फॉन्टात 128 च सीटा. मजकुरात < कशाला लागतंय, म्हणून 60 आणि 62 नंबर त्याने स्पॅनिश भाषेतल्या उलट्या उद्गारचिन्हाला आणि उलट्या प्रश्नचिन्हाला दिले. गणित डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहायचं, हा तिथला नियम. डॉलर विसरून < टाइप केलं की जुन्या सेटिंगमध्ये कागदावर उद्गारचिन्ह शीर्षासन करून उभं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकटाच दुकानात हसत बसलो. मास्तर तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर लुनावर जाऊन दाखवलं असतं.

मास्तरांचं "आपन ठरवू थे" मात्र शब्दशः खरं आहे. बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने 1557 साली पुस्तकात घातल्या. "याच्याएवढं, याच्याएवढं" लिहून कंटाळलो, आणि दोन सारख्या समांतर रेघांहून जास्त सारखं जगात काय असणार, असं त्याचं कारण. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. पुढच्याच वर्षी बिचारा तुरुंगात मेला. लहान-मोठ्याच्या चिन्हांना मात्र आणखी चौऱ्याहत्तर वर्षं थांबावं लागलं. थॉमस हॅरियट हा इंग्रज गणिती 1621 मध्ये गेला, आणि दहा वर्षांनी, 1631 मध्ये, त्याच्या बीजगणिताचं पुस्तक इतरांनी छापलं. त्यात < आणि > आहेत. त्याच्या हस्तलिखितातल्या खुणा थोड्या वेगळ्या, वळणदार. आजचा टोकदार आकार आला तो छापताना. गंमत अशी की त्याच 1631 साली विल्यम ऑट्रेडचंही पुस्तक निघालं, आणि त्याने लहान-मोठ्यासाठी अगदी वेगळ्या, कोनाकोनाच्या खुणा वापरल्या. लक्षात ठेवायला किचकट, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. तरी इंग्लंडात त्या बराच काळ चालल्या. म्हणजे एकाच वर्षी दोन दुकानांतून दोन वेगळे पेपर छापून आले होते, आणि पोरं दोन्ही सोडवत होती.

हॅरियटचं चिन्ह टिकलं यात मला नवल वाटत नाही. त्यात शिकवणी भरलेली आहे. एका बाजूला दोन टोकं लांब, दुसऱ्या बाजूला एका ठिपक्यात मिळालेली. मास्तर सांगायचे, बगळ्याची चोच मोठ्या मासोळीकडे उघडते. अडचण चिन्हात नाही, वाचण्यात आहे, आणि ती आपल्या भाषेची आहे. 5 < 7 मोठ्याने वाचा. "पाच, सातपेक्षा लहान." डोळा पाचवरून चिन्हावर येतो, पण तोंडाला आधी सात हवा असतो. सात उचलून पुन्हा मागे वळायचं आणि मग "लहान" म्हणायचं. इंग्रजीत चिन्ह जिथे छापलंय तिथेच उच्चारलं जातं. मराठीत ते सगळ्यात शेवटी येतं, वरातीतल्या नवरदेवासारखं. मास्तर पोरांचं बोट धरून पाचवर ठेवायचे, उचलून सातवर टेकवायचे, मग मागे चिन्हावर आणायचे. बोटाचा तो उलटा हेलपाटा ज्या पोराला जमला त्याला चिन्ह जमलं. "तीन < एक्स ≤ सात" असं दुहेरी आलं तर मराठी माणूस मधूनच सुरुवात करतो: एक्स हा तीनपेक्षा मोठा आणि सातपेक्षा लहान किंवा साताएवढा. मधून निघायचं, डावीकडे जायचं, परत येऊन उजवीकडे. माझं गणित का बुडालं याचं कारण मला इतक्या उशिरा सापडलं की आता त्याचा उपयोग फक्त लिहिण्यापुरता.

आता त्या खालच्या रेघेबद्दल. हे सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली आहे.

तालुक्यातल्या एका हायस्कूलचे गणिताचे सर आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. पेपर, नोट्स, सराव-प्रश्न, महिन्याला चांगले पैसे. एकदा त्यांच्या चाचणीत प्रश्न आला: एक्स ही नैसर्गिक संख्या असून एक्स ≤ 4, तर उकलसंच लिहा. गुण 2. कीबोर्डवर ≤ नसतंच. मी टाइम्स न्यू रोमनमध्ये < घेतलं आणि कंट्रोल यू दाबून त्याच्याखाली अधोरेखा मारली. हुबेहूब दिसलं. माझ्या त्या युक्तीवर मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सर प्रूफ पाहायला आले. बाकी ठीक होतं, फक्त मथळ्यांवर नाराज. "प्रत्येक प्रश्नाखाली या रेघा कशाला? लग्नपत्रिका वाटून राहिली. काढ सगळ्या." मी कंट्रोल ए दाबलं, सगळं पान काळं झालं. कंट्रोल यू दोनदा. पहिल्यांदा सगळ्याला रेघ लागली, दुसऱ्यांदा सगळ्याची गेली. पान स्वच्छ झालं. सरांनी मथळे पाहिले, मान डोलावली, 42 प्रती सांगितल्या.

आठवड्याने एक मुलगी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आली. नववीतली असेल. दोन रुपये काउंटरवर ठेवले, दाखला घडी करून पिशवीत घातला, आणि पिशवीतूनच चाचणीचा पेपर काढला.

"दादा, हा पेपर तुम्हीच टाइप केला ना?"

"हो."

"इथं चिन्हाखाली रेघ होती का?"

पेपरात एक्स < 4. तिने उत्तरात 1, 2, 3 लिहिलेलं. सरांनी लाल शाईत कंसाच्या आत 4 घुसडला होता आणि दोनपैकी एक गुण दिला होता. सर त्यांच्या हाताच्या कागदावरून तपासत होते, तिथे रेघ होती. वर्गातल्या बाकीच्यांनी फळ्यावरचं उत्तर उतरवून घेतलं आणि आपणच विसरलो असं समजून गप्प बसले. या एकीने घरी जाऊन पेपर पुन्हा वाचला होता.

मला पहिल्या नजरेतच कळलं काय झालं ते. मी म्हणालो, "सरांनी दिलं तसंच टाइप केलं."

ती बरं म्हणाली. पेपरची घडी जशी होती तशी घातली आणि गेली. मी संगणकावर ती फाइल उघडून पाहिलीही नाही, पाहायची गरज नव्हती. एक गुण, त्यात काय, असं दिवसभर स्वतःला सांगत राहिलो. पण माझं उत्तर मी त्या मुलीला दिलं नव्हतं. महिन्याच्या हिशोबाला दिलं होतं.

डिसेंबरात बाबांबरोबर कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग, पहाटेपासून. सरकारी खरेदीत ओलाव्याचा नियम साधा आहे: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यामागे टक्का कपात, आणि 12 च्या वर असेल तर गाडी परत. पहाटे दव पडलेलं, पाल थोडी उघडी राहिली होती. मीटरची सळई कापसात खुपसली, आकडा आला 12.0. पुन्हा दुसरीकडे खुपसली, पुन्हा 12.0.

"बाराच्या आत पाहिजे काका. वाळवून आणा."

बाबांनी सातवी केलेली. ≤ हे चिन्ह त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नसेल. ते गाडीवरून खाली उतरले, भिंतीवरच्या फलकाकडे गेले आणि त्यावर हात ठेवला.

"साहेब, इथं 'बारापर्यंत' लिव्हलं हाय. बारापर्यंत म्हंजे बारा धरून. बारा सोडून असतं तर 'बाराच्या आत' लिव्हलं असतं."

रांगेतले दोघंचौघं "धरूनच, धरूनच" म्हणाले. मीटरवाला वैतागला, पण त्याने आणखी एका माणसाला विचारलं, आणि गाडी आत घेतली. शेकडा चार कापून. बाबा परत येऊन बसले, काही बोलले नाहीत. मी मात्र पाठ करकचून बसलो होतो. धरून आणि सोडून. गावात भाड्याची तारीख, सुतकाचे दिवस, व्याजाचा महिना, सगळीकडे लोक हे दोन शब्द विचारून घेतात, कारण न विचारल्याचा भुर्दंड त्यांना माहीत असतो. चिन्हाखालची रेघ म्हणजे तेवढंच: धरून. पिअर बुगे नावाच्या फ्रेंच गणितीने 1734 मध्ये ती < च्या खाली घातली, तीही एक नाही, दोन. त्याआधी जॉन वॉलिसने 1670 मध्ये एक रेघ वर ठेवून पाहिली होती. खाली की वर, एक की दोन, यावर शंभर-शंभर वर्षं माणसं विचार करत होती, आणि मी ती दोन झटक्यांत पुसली होती.

जानेवारीत सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. "यादी केव्हाच गेली. आता गुण काही वाढत नाहीत," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वर्गात सांगतो मी." सांगितलं की नाही, माहीत नाही. त्या मुलीचा कॉलेजच्या एसटी पासचा फॉर्म दोन वर्षांनी मीच भरला. पेपरचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्यानंतर मी ≤ नीट शिकलो. सिम्बॉल नावाच्या फॉन्टात ऑल्ट 0163 दाबलं की ≤, 0179 दाबलं की ≥. यातही मेख आहे. तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टात गेला की 163 नंबरच्या सीटवर इंग्रजांचा पौंड बसलेला निघतो, आणि 179 वर बारकासा वर चढवलेला 3. एका क्लासवाल्यांच्या नोट्समध्ये "एक्स £ 4" छापून आलेलं मी पाहिलंय, आणि ते आमच्या दुकानाचं नव्हतं याचा मला झालेला आनंद शोभणारा नव्हता. मग वर्डमधलं जुनं समीकरणांचं खातं आलं. पुढे 2018 च्या जानेवारीत सुरक्षेच्या कारणावरून कंपनीने ते काढूनच टाकलं. जुन्या पेपरांतली समीकरणं पडद्यावर दिसायची, पण त्या खात्यातून बदलता यायची नाहीत, काचेच्या कपाटातल्या भांड्यांसारखी. आता युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा वेगळा नंबर. ≤ ला स्वतःची सीट आहे, 2264 नंबरची, तिथून त्याला कोणी उठवत नाही. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणल्या तेव्हा मात्र एकेका पेपरात पुन्हा "ग ढ ल" उगवलं. कन्व्हर्टरला काय कळणार की हा ढ कुठल्या ढगातला आणि हा कुठल्या गणितातला. दोन उन्हाळे ते वेचत बसलो होतो.

टेकही शिकलो, उशिरा. कामापुरतं. त्यात मला सगळ्यात काय आवडलं असेल तर जागा सोडण्याची रीत. अधिक-वजाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा, आणि <, =, ≤ यांच्या दोन्ही बाजूंना त्याहून थोडी जास्त. का, तर अधिकचं चिन्ह दोन संख्यांना एकत्र बांधतं, आणि < हे दोन पूर्ण बाजूंच्या मध्ये उभं असतं, बांधावरच्या दगडासारखं. डोळ्याला न कळता कळावं म्हणून मापात धरलेली ती फट. आमच्या पेपरांत 5<7 असं चिकटवून छापलं की तिसरीची पोरं त्याला कंस समजतात. हे मी मास्तरांच्या उत्तरपत्रिकांत पाहिलंय, पण तेव्हा दोष पोरांचा वाटला होता. देवनागरीत आणखी एक तिढा आहे. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, आणि < हे इंग्रजी आकड्यांच्या मधोमध टेकायला घडवलेलं. मराठी ओळीत ते जरा खाली सरकल्यासारखं, दबकून बसल्यासारखं दिसतं. मी ते अर्धा-एक पॉइंट वर उचलतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही.

मावसभावाने दुकान केव्हाच सोडलं, आता ते माझं आहे. परवा एका नव्या मॅडमनी चाचणीचा पेपर व्हॉट्सॲपवर पाठवला. वहीच्या पानाचे फोटो. त्यांच्या ≤ ची खालची रेघ तिरपी होती, चिन्हाच्या खालच्या बाजूला समांतर. मी नेहमीसारखी आडव्या रेघेची चिन्हं टाकून पीडीएफ पाठवली. लगेच त्यांचा आवाज आला, "काका, माझी रेघ तिरपी आहे ना, पोरं विचारतील दोन्ही एकच का. तिरपी मिळेल का?"

मिळते. युनिकोडात तिचीही वेगळी सीट आहे. अर्थ तोच, रेघ तिरपी. शोधा-बदला केलं, खाली अक्षरं आली: 10 ठिकाणी बदल झाला. एक प्रिंट काढली, खिडकीपाशी नेली आणि बोटाने मोजायला लागलो. हे मी अजून पडद्यावर करत नाही, कागदावरच करतो. चिन्हं अकरा निघाली. सातव्या प्रश्नातल्या चिन्हाखाली रेघ नव्हती.

फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. वहीत तिथे रेघ नव्हतीच. पण बाजूला पेनाची शाई थोडी फुटली होती, आणि रेघ मारायची राहून गेली की मुद्दाम मारली नाही, ते त्यावरून कळेना. फोन लावला.

"मॅडम, सातव्या प्रश्नात चार धरून का सोडून?"

मागे वर्गाचा कालवा होता. त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा विचारलं.

"सोडून, काका," त्या म्हणाल्या. "चार सोडून."